मुंबई ते लंडन : एका हवाई मार्गावरचे विमानतळ

मुंबई आणि लंडन या दोन शहरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. आजचे विमान हे अंतर वाटेत कोठेही न उतरता साधारण नऊ ते दहा तासांत पार करते. लंडनहून परतताना वरच्या थरातील पश्चिमी वाऱ्यांची साथ मिळते आणि हाच प्रवास काहीसा लवकर संपतो. प्रवाशाच्या तिकिटावर दोनच विमानतळांची नावे असतात. मधला सारा प्रदेश त्याला आसनासमोरच्या छोट्या पडद्यावर सरकताना दिसतो, तेवढाच त्याचा आणि त्या प्रदेशाचा संबंध.

हा मार्ग आकाराला आला तेव्हाची स्थिती मात्र अगदी निराळी होती. १९२९ मध्ये लंडनहून कराचीला पोहोचण्यास सात दिवस लागत आणि वाटेत डझनाहून अधिक ठिकाणी थांबावे लागे. १९४८ मध्ये मुंबई-लंडन सेवा सुरू झाली तेव्हा थांब्यांची संख्या दोनवर आली होती. पुढे जेट विमाने आली, त्यांचा पल्ला वाढत गेला आणि मधले थांबे एकेक करून वेळापत्रकातून नाहीसे झाले.

विमान कोठे उतरणार हे नेहमीच तीन गोष्टींवर ठरत आले आहे. टाकीतील इंधन कोठवर पुरते, उतरण्याजोगी जमीन कोठे आहे आणि त्या जमिनीचा व तिच्यावरील आकाशाचा धनी परवानगी देतो की नाही. पहिल्या दोन अडचणी तंत्रज्ञानाने बऱ्याच अंशी दूर केल्या. तिसरी अडचण मात्र शंभर वर्षांपूर्वी होती तशीच आहे. २०२५ साली तिचा प्रत्यय मुंबई-लंडन मार्गावरील प्रवाशांना पुन्हा आला. या मार्गावरील प्रमुख विमानतळांची पार्श्वभूमी त्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

क्रॉयडन ते कराची : सात दिवसांची वाट

ब्रिटनच्या 'इम्पीरिअल एअरवेज' या कंपनीने ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची सेवा सुरू केली. त्या वेळी लंडनचा प्रमुख विमानतळ शहराच्या दक्षिणेस क्रॉयडन येथे होता. १९२० मध्ये सुरू झालेल्या या विमानतळावर १९२८ मध्ये स्वतंत्र टर्मिनल इमारत व नियंत्रण मनोरा उभारण्यात आला. प्रवासी विमानसेवेसाठी मुद्दाम बांधलेल्या जगातील आरंभीच्या इमारतींत तिची गणना होते.

हा प्रवास संपूर्णपणे हवाई नव्हता. क्रॉयडनहून विमानाने स्वित्झर्लंडमधील बासेलपर्यंत, तेथून आगगाडीने आल्प्स ओलांडून इटलीतील जिनोआपर्यंत, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने भूमध्य समुद्राच्या काठाकाठाने अलेक्झांड्रियापर्यंत, आणि पुढे पुन्हा जमिनीवरील विमानाने गाझा, बगदाद, बसरा असे टप्पे घेत कराची गाठायची, असा हा क्रम होता. आल्प्सची शिखरे त्या काळच्या प्रवासी विमानांच्या आवाक्याबाहेर होती. रात्री उड्डाण करणे धोक्याचे असल्याने संध्याकाळ झाली की मुक्काम करावा लागे.

इराकच्या वाळवंटातील रुतबा हे या मार्गावरचे एक वैशिष्ट्यपूर्ण ठिकाण. आसपास वस्ती नसलेल्या या जागी विहिरी होत्या आणि त्यांच्या आधाराने बांधलेला एक किल्ला होता. दमास्कस-बगदाद मार्गावरील मोटारींचे प्रवासी आणि लंडनहून आलेले विमानप्रवासी या किल्ल्यात एकत्र जेवत. वाळवंटावरून उडताना खूण सापडावी म्हणून ब्रिटिश हवाई दलाने कैरो-बगदाद टपालसेवेसाठी १९२१ मध्ये जमिनीवर नांगराने तास पाडला होता. वैमानिक त्या रेषेवर नजर ठेवून विमान हाकत. आजच्या उपग्रहाधारित दिशादर्शनाचा हा पूर्वज म्हणता येईल.

शारजा : परवानगीवर उभा राहिलेला विमानतळ

बसऱ्यापुढे हा मार्ग प्रथम इराणच्या किनाऱ्याने जात असे. बुशहर, लिंगे व जास्क ही तेथील थांब्याची ठिकाणे होती. इराण सरकारने ही परवानगी पुढे चालू ठेवली नाही, तेव्हा १९३२ मध्ये कंपनीला आखाताच्या दुसऱ्या, म्हणजे अरबी किनाऱ्याकडे वळावे लागले. कुवेत, बहारीन आणि शारजा ही नावे हवाई नकाशावर आली ती या कारणाने.

शारजाचे शेख सुलतान बिन सक्र अल कासिमी यांच्याशी जुलै १९३२ मध्ये करार झाला. धावपट्टीसाठी जागा आणि प्रवाशांच्या मुक्कामासाठी किल्ल्यासारखी भक्कम विश्रामवास्तू बांधावी, तिला संरक्षण द्यावे आणि त्याबदल्यात कंपनीने दरमहा भाडे द्यावे, असे ठरले. हे भाडे ८०० रुपये होते. आखाती प्रदेशात तेव्हा भारतीय रुपयाच चलन म्हणून वापरात होता, त्यामुळे करारही रुपयांतच झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिले विमान येथे उतरले.

नवा विमानतळ शहराबाहेर बांधला गेल्यावर १९७७ मध्ये जुना बंद झाला. पूर्वीची धावपट्टी आता शहरातील वाहता रस्ता आहे आणि विश्रामवास्तूत 'अल महत्ता' हे विमानविद्येचे संग्रहालय आहे. एका देशाने नाकारलेली परवानगी दुसऱ्या किनाऱ्यावरच्या गावाचे भवितव्य कसे बदलते, याचे हे आरंभीचे उदाहरण.

कराची : भारताचे पहिले हवाई प्रवेशद्वार

समुद्रमार्गाने येणाऱ्यासाठी भारताचे प्रवेशद्वार मुंबई होते. हवाई मार्गाने येणाऱ्यासाठी ते कराची ठरले. आखाताकडून येताना भारतातील हे पहिले मोठे शहर आणि येथील हवा कोरडी, ही त्याची कारणे होत. शहरालगतच्या ड्रिघ रोड येथील तळावर ब्रिटिश सरकारने हवाई जहाजासाठी एक अवाढव्य शेड उभारली होती. विमानांऐवजी वायूने भरलेली महाकाय हवाई जहाजे इंग्लंड व भारत यांना जोडतील, अशी त्या वेळी अपेक्षा होती. 'आर-१०१' हे जहाज भारताकडे निघाले असता ५ ऑक्टोबर १९३० रोजी फ्रान्समध्ये कोसळले आणि ४८ जण मृत्युमुखी पडले. ती योजना तेथेच संपली. कराचीच्या त्या शेडमध्ये एकही हवाई जहाज कधी विसावले नाही.

याच ड्रिघ रोडवरून १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी 'पस मॉथ' हे छोटे विमान टपालासह मुंबईकडे आणले. वाटेत अहमदाबादला इंधन घेण्यात आले. लंडनहून कराचीपर्यंत आलेले टपाल पुढे मुंबई व मद्रासला नेणे हा या सेवेचा हेतू होता. भारतातील नियमित विमानवाहतुकीचा आरंभ अशा रीतीने लंडनच्या मार्गाला जोडलेल्या एका दुव्यातून झाला.

फाळणीनंतरही पन्नास-साठच्या दशकांत युरोपातून पूर्वेकडे जाणाऱ्या अनेक कंपन्यांची विमाने कराचीला उतरत. विमानांचा पल्ला वाढला, आखातात अधिक सोयीचे विमानतळ उभे राहिले आणि कराचीचे ते स्थान हळूहळू गेले.

जुहू : समुद्रकाठचे मैदान

टाटांचे विमान उतरले ते जुहूला. १९२८ मध्ये सुरू झालेला हा भारतातील पहिला नागरी विमानतळ मानला जातो. समुद्राच्या काठी, सखल जमिनीवर असलेल्या या मैदानात पावसाळ्यात चिखल होई. त्यामुळे टाटांच्या विमानसेवेला त्या महिन्यांत आपला तळ पुण्याला हलवावा लागे. आज मुंबई-पुणे हे अंतर विमानाने जाण्याजोगे कोणास वाटत नाही. पण आरंभीच्या काळात पावसाळ्यातील मुंबईची हवाई वाहतूक पुण्याच्या आधारावर चालली.

मोठी विमाने सांताक्रूझला गेल्यावरही जुहू बंद झाले नाही. या दोन विमानतळांतील अंतर इतके थोडे आहे की परदेशी वैमानिकांची गल्लत होई. जुलै १९५३ मध्ये ब्रिटनच्या 'बीओएसी' कंपनीचे 'कॉमेट' हे जेट विमान चुकून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. ते नऊ दिवसांनी तेथून उडवण्यात आले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी लंडनहून टोकियोला निघालेले जपान एअरलाइन्सचे विमान असेच जुहूला उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेले. जीवितहानी झाली नाही. विमान मात्र पुन्हा वापरण्याजोगे राहिले नाही. आज जुहू प्रामुख्याने हेलिकॉप्टरांचा तळ आहे.

सांताक्रूझ आणि सहार

सांताक्रूझची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने बांधली. युद्धानंतर ती नागरी उपयोगात आली. मार्च १९४८ मध्ये 'एअर इंडिया इंटरनॅशनल' या कंपनीची स्थापना झाली. तीत केंद्र सरकारचा ४९ टक्के वाटा होता. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान ३५ प्रवाशांना घेऊन कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला रवाना झाले. स्वतंत्र भारताची ही पहिली लंडन सेवा.

१९५८ मध्ये सांताक्रूझला नवे टर्मिनल झाले. बोइंग ७०७ विमाने १९६० मध्ये, तर ७४७ ही 'जम्बो' विमाने १९७१ मध्ये एअर इंडियाच्या ताफ्यात आली. त्यांना ही इमारत अपुरी पडू लागली आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी सहार येथे आंतरराष्ट्रीय टर्मिनल सुरू झाले. १९९९ मध्ये विमानतळाला छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. सध्याचे टर्मिनल दोन २०१४ मध्ये खुले झाले. जागतिक वाहतुकीत शहराची खूण म्हणून वापरली जाणारी तीन अक्षरे मात्र अजूनही 'बीओएम' म्हणजे बॉम्बे अशीच आहेत.

या विमानतळाच्या अडचणी त्याच्या जागेत आहेत. त्याच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या दोन्हींचा एकाच वेळी स्वतंत्रपणे वापर करता येत नाही. सभोवार दाट वस्ती आहे आणि धावपट्टीखालून मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत विमानतळ एक दिवसाहून अधिक काळ बंद ठेवावा लागला. पश्चिमेला समुद्र असल्याने उड्डाण घेताच विमान पाण्यावर येते. १ जानेवारी १९७८ च्या रात्री दुबईला निघालेले 'एम्परर अशोक' हे पहिले जम्बो विमान वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले आणि त्यातील सर्व २१३ जण मरण पावले. विमानाचा कल दाखवणाऱ्या उपकरणातील बिघाड आणि अंधारात वैमानिकाचा झालेला दिशाभ्रम ही त्यामागची कारणे सांगितली गेली. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, त्यामागे जुन्या विमानतळावरील हा वाढता भार होता.

कैरो : पहिला थांबा

मुंबईहून निघालेल्या 'मलबार प्रिन्सेस'चा पहिला थांबा कैरो होता. मुंबई-कैरो हे अंतर सुमारे ४,३०० किलोमीटर आहे, म्हणजे पूर्ण प्रवासातील निम्म्याहून मोठा टप्पा तेथे संपत असे. कैरोचा हा विमानतळही महायुद्धाचीच देणगी. अमेरिकी हवाई दलाने शहराच्या ईशान्येस 'पेन फील्ड' या नावाने तो बांधला. युद्धानंतर इजिप्तने तो ताब्यात घेऊन त्याला राजे फारुक यांचे नाव दिले आणि १९५२ च्या क्रांतीनंतर ते नाव गेले. १९६३ मध्ये तेथे नवे टर्मिनल सुरू झाले.

युरोप, आशिया व आफ्रिका यांच्या सांध्यावर असल्याने कैरोला हवाई वाहतुकीत नैसर्गिक स्थान होते. पण तेच स्थान संघर्षाचेही होते. १९५६ च्या सुएझ युद्धात ब्रिटन व फ्रान्सच्या विमानांनी इजिप्तच्या विमानतळांवर बॉम्बहल्ले केले. १९६७ च्या युद्धात इस्रायलने इजिप्तचे लष्करी तळ पहिल्याच दिवशी उद्ध्वस्त केले. अशा परिस्थितीत विमान कंपन्यांनी दुसरे थांबे शोधणे स्वाभाविक होते.

बैरुत : उत्कर्ष आणि ऱ्हास

या दुसऱ्या थांब्यांत बैरुत अग्रणी होते. १९५४ मध्ये समुद्रकाठी खाल्दे येथे सुरू झालेला नवा विमानतळ लवकरच पश्चिम आशियातील सर्वांत गजबजलेल्या विमानतळांत गणला जाऊ लागला. बँका, हॉटेले, तेलाचा व्यापार आणि समुद्रकिनारा यांमुळे प्रवासी येथे केवळ इंधनापुरते थांबत नसत. एअर इंडियाची लंडन विमानेही बैरुतला उतरत.

२८ डिसेंबर १९६८ रोजी इस्रायली कमांडोंनी या विमानतळावर उतरून डझनभर प्रवासी विमाने उडवून दिली. त्यांत लेबनॉनच्या राष्ट्रीय विमान कंपनीचा ताफा मुख्यतः होता. १९७५ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि ते १९९० पर्यंत चालले. या काळात विमानतळ कितीदा तरी बंद पडला. शांतता परतली तेव्हा लांब पल्ल्याच्या विमानांना बैरुतची गरज उरली नव्हती आणि आखातातील शहरांनी त्याची जागा घेतली होती. २००५ मध्ये हत्या झालेले माजी पंतप्रधान रफिक हरीरी यांचे नाव आज या विमानतळाला आहे.

जिनिव्हा : माँ ब्लाँच्या छायेत

आल्प्स पर्वत ओलांडण्याइतकी उंची गाठणारी विमाने आली तेव्हा जिनिव्हा या मार्गावर आले. कोंत्रँ येथील हा विमानतळ १९२० चा. शहरात संयुक्त राष्ट्रसंघाचे युरोपीय कार्यालय असल्याने मुत्सद्दी, अधिकारी आणि व्यापारी यांची येथे सतत ये-जा असे. फ्रान्सची सीमा धावपट्टीला इतकी लागून आहे की ती वाढवण्यासाठी दोन्ही देशांना १९५६ मध्ये करार करून जमिनीची अदलाबदल करावी लागली. त्यानंतर १९६० मध्ये धावपट्टीची लांबी ३,९०० मीटर झाली.

भारतीय वाचकांच्या मनात मात्र जिनिव्हाचा मार्ग दोन दुर्घटनांशी जोडलेला आहे. ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे येत असलेले 'मलबार प्रिन्सेस', म्हणजे लंडन सेवेचा प्रारंभ करणारे तेच विमान, सुमारे ४,८०० मीटर उंचीच्या माँ ब्लाँ पर्वतावर आदळले. विमानातील सर्व ४८ जण ठार झाले. २४ जानेवारी १९६६ रोजी, मुंबईहून दिल्ली व बैरुतमार्गे आलेले 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ विमान त्याच पर्वतावर, जवळजवळ त्याच भागात कोसळले. ११७ जणांचा बळी घेणाऱ्या या अपघातात भारताच्या अणुऊर्जा कार्यक्रमाचे जनक डॉ. होमी भाभा यांचा अंत झाला. ते आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या बैठकीसाठी व्हिएन्नाला निघाले होते.

या दुसऱ्या अपघाताविषयी आजही नाना तर्क ऐकू येतात. चौकशीचा निष्कर्ष मात्र साधा व अस्वस्थ करणारा आहे. विमानातील दिशादर्शक यंत्रांपैकी एक नादुरुस्त होते. माँ ब्लाँच्या तुलनेत आपण कोठे आहोत, याचा वैमानिकाचा अंदाज चुकला. पर्वत मागे पडला असे समजून त्याने तसे कळवले. जिनिव्हाच्या नियंत्रकाला रडारवर ही चूक दिसली आणि त्याने ती दुरुस्त करण्याचा प्रयत्नही केला. पण त्याच्या शब्दांत पुरेसा नेमकेपणा नव्हता. त्याचे म्हणणे वैमानिकाने वेगळ्या अर्थाने घेतले आणि विमान खाली येत राहिले. नियंत्रक व वैमानिक यांच्या संभाषणात ठरावीक शब्दच का वापरायचे, याचे उत्तर अशा अपघातांत आहे.

बोसों या हिमनदीचा बर्फ वितळत असताना या विमानांचे अवशेष अजूनही बाहेर येतात. २०१२ मध्ये भारताच्या राजनैतिक टपालाची एक पिशवी, तर २०२० मध्ये इंदिरा गांधी पंतप्रधान होत असल्याची बातमी असलेली जानेवारी १९६६ ची भारतीय वृत्तपत्रे तेथे सापडली.

हीथ्रो : मार्गाचे दुसरे टोक

'मलबार प्रिन्सेस' लंडनला उतरले ते क्रॉयडनला नव्हे, तर शहराच्या पश्चिमेकडील नव्या विमानतळावर. हीथ रो हे त्या जागेवरचे छोटे खेडे. महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, युद्धकालीन अधिकारांचा वापर करून सरकारने ही जमीन ताब्यात घेतली व खेडे पाडले. १९४६ मध्ये नागरी उड्डाणे सुरू झाली तेव्हा प्रवाशांची व्यवस्था लष्करी तंबूंत होती. जड विमानांच्या वाढत्या संख्येला क्रॉयडन पुरेनासे झाले आणि १९५९ मध्ये तो विमानतळ कायमचा बंद झाला.

हीथ्रोच्या मध्यवर्ती इमारती पन्नासच्या दशकापासून उभ्या राहिल्या. पाचवे टर्मिनल २००८ मध्ये सुरू झाले. आरंभी ताऱ्याच्या आकारात आखलेल्या अनेक धावपट्ट्यांपैकी आता दोनच समांतर धावपट्ट्या वापरात आहेत आणि त्यांवर जवळजवळ पूर्ण क्षमतेने वाहतूक चालते. त्यामुळे येथे विमान उतरवण्याची वेळ मिळणे ही विमान कंपन्यांच्या दृष्टीने मौल्यवान गोष्ट झाली आहे. तिसऱ्या धावपट्टीचा प्रस्ताव अनेक वर्षे वादात राहिला. २०१८ मध्ये ब्रिटिश संसदेने त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये तेथील सरकारने पुन्हा पाठिंबा जाहीर केला.

इतक्या गजबजलेल्या विमानतळाला राखीव अवकाश उरत नाही. २१ मार्च २०२५ रोजी जवळच्या एका वीज उपकेंद्राला आग लागली आणि हीथ्रो जवळजवळ दिवसभर बंद राहिले. मुंबईहून निघालेले एअर इंडियाचे विमान अर्ध्या वाटेतून मागे फिरले.

आकाशाची मालकी

हवाई मार्ग ठरवणारी तिसरी गोष्ट म्हणजे परवानगी. डिसेंबर १९४४ मध्ये शिकागो येथे झालेल्या करारानुसार प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर पूर्ण सार्वभौमत्व आहे. त्याच वेळी झालेल्या दुसऱ्या करारान्वये सह्या करणाऱ्या देशांनी एकमेकांच्या नियमित विमानसेवांना दोन मुभा दिल्या. न उतरता वरून जाण्याची ही पहिली आणि प्रवासी न घेता वा न सोडता केवळ इंधनासाठी अथवा दुरुस्तीसाठी उतरण्याची ही दुसरी. प्रवासी घेण्या-सोडण्याचे हक्क मात्र दोन देशांनी परस्पर वाटाघाटींतून ठरवावे लागतात. जिनिव्हाला किंवा कैरोला प्रवासी घेता येणे यासाठी स्वतंत्र करार लागे, तो याचमुळे.

कागदावरच्या या मुभा राजकारणापुढे टिकतातच असे नाही. ३० जानेवारी १९७१ रोजी 'गंगा' या भारतीय विमानाचे अपहरण करून ते लाहोरला नेण्यात आले व जाळण्यात आले. त्यानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. तो वाद आंतरराष्ट्रीय न्यायालयापर्यंत गेला आणि बंदी १९७६ पर्यंत राहिली. २०१९ मध्ये बालाकोटच्या कारवाईनंतर पाकिस्तानने आपली हवाई हद्द फेब्रुवारीअखेरपासून १६ जुलैपर्यंत बंद ठेवली. पहलगाम हल्ल्यानंतर २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमानांना पुन्हा मज्जाव केला आणि काही दिवसांत भारतानेही तसेच केले. दिल्लीहून अमेरिकेला जाणाऱ्या एअर इंडियाच्या काही विमानांना या फेऱ्यामुळे व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी उतरावे लागले.

मधले थांबे आजही का लागतात?

मधले विमानतळ तिकिटावरून गेले तरी उड्डाणाच्या आराखड्यातून गेलेले नाहीत. दोन इंजिनांच्या विमानातील एक इंजिन बंद पडले, तर उरलेल्या इंजिनावर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा योग्य विमानतळ मार्गावर सतत उपलब्ध असावा लागतो. प्रवाशाची तब्येत बिघडणे, हवामान पालटणे, गंतव्य विमानतळ बंद होणे अशा प्रसंगीही तोच आधार असतो. उड्डाणापूर्वी पर्यायी विमानतळांची निवड केली जाते आणि त्यांना पुरेल एवढे जादा इंधन भरले जाते.

दुसरीकडे आखाती शहरांनी मधल्या थांब्याला नवे रूप दिले. दुबईचा विमानतळ १९६० मध्ये घट्ट दाबलेल्या वाळूच्या धावपट्टीवर सुरू झाला होता. २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवाशांच्या संख्येत त्याने हीथ्रोला मागे टाकले. १९४८ मध्ये प्रवासी मध्ये उतरत तो विमानाला इंधन हवे म्हणून. आता तो विमान बदलण्यासाठी उतरतो आणि तिकीट स्वस्त पडते म्हणून हा वळसा पत्करतो.

या साऱ्या व्यवस्थेची परीक्षा जून २०२५ मध्ये झाली. १३ जून रोजी इस्रायलने इराणवर हल्ले सुरू केले आणि इराण, इराक व जॉर्डन यांच्यावरील आकाश बंद झाले. पाकिस्तानचे दार आधीच मिटलेले होते. त्या दिवशी मुंबईहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान मुंबईला परत आणावे लागले आणि लंडनहून मुंबईला येणारे विमान व्हिएन्नाला उतरवण्यात आले. २३ जून रोजी कतारमधील अमेरिकी तळावर इराणने क्षेपणास्त्रे सोडली, तेव्हा आखाती देशांचेही आकाश काही तास बंद राहिले. पश्चिमेकडे जाण्यास उरलेल्या मोजक्या वाटांपैकी एक सौदी अरेबिया व इजिप्तवरून जाणारी, म्हणजे 'मलबार प्रिन्सेस'च्या जुन्या मार्गाच्या जवळपासची होती.

तेव्हा वाटेत अचानक एखाद्या अनोळखी विमानतळावर उतरावे लागले, तर ते केवळ वेळापत्रकाचे अपयश समजू नये. बहुतेक वेळा तो विमानतळ उड्डाणापूर्वीच विचारात घेतलेला असतो. प्रवाशाने औषधे, आवश्यक कागदपत्रे व एक कपड्यांचा जोड हातातील पिशवीत ठेवावा, हा जुन्या काळचा सल्ला आजही उपयोगी आहे. उतरलेल्या देशाचा व्हिसा नसल्यास विमानतळाबाहेर पडण्याची परवानगी मिळेलच असे नाही, हेही ध्यानात असावे.

संक्षिप्त कालपट

१९२० : लंडनचा क्रॉयडन आणि जिनिव्हाचा कोंत्रँ विमानतळ सुरू.
१९२८ : जुहू विमानतळ सुरू.
१९२९ : लंडन-कराची विमानसेवेस प्रारंभ.
१९३२ : मार्ग इराणकडून अरबी किनाऱ्याकडे, शारजा विमानतळ सुरू. टाटांची कराची-मुंबई टपालसेवा.
१९४६ : हीथ्रोवर नागरी उड्डाणे सुरू.
१९४८ : मुंबई-कैरो-जिनिव्हा-लंडन सेवेस प्रारंभ.
१९५० : 'मलबार प्रिन्सेस'चा माँ ब्लाँवर अपघात.
१९५४ : बैरुतचा खाल्दे विमानतळ सुरू.
१९५९ : क्रॉयडन बंद.
१९६६ : 'कांचनजंगा' दुर्घटना, डॉ. होमी भाभा यांचे निधन.
१९७७ : शारजाचा जुना विमानतळ बंद.
२०१४ : मुंबईचे नवे टर्मिनल दोन खुले.
२०२५ : पाकिस्तान व पश्चिम आशियातील हवाई हद्दी बंद झाल्याने मार्गात बदल, नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन.